शंका विकणारे
माझे अब्बा रोज पाकीटभर सिगारेटी ओढत. कुणी टोकलं की म्हणत, “अजून सिद्ध कुठं झालंय?” त्या वाक्याचा उगम मला फार उशिरा कळला.

१९५० साली ब्रिटनच्या डॉल आणि हिल यांनी धूम्रपानाचा फुप्फुसाच्या कर्करोगाशी संबंध दाखवला. डिसेंबर १९५३ मध्ये अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांचे प्रमुख न्यूयॉर्कला जमले. ४ जानेवारी १९५४ रोजी ४०० हून अधिक वृत्तपत्रांत त्यांची जाहिरात आली: पुरावा पक्का नाही, संशोधनाला पैसा आम्ही देऊ. १९६९ च्या एका कंपनीच्या अंतर्गत टिपणात तर शंका हाच आपला माल असल्याचं नमूद होतं. २००६ साली अमेरिकी न्यायालयानं कंपन्यांनी जनतेची फसवणूक केल्याचा निकाल दिला. अब्बा त्याआधीच अल्लाला प्यारे झाले होते.

शंका हा विज्ञानाचा प्राण. मात्र शंका कुणाच्या पैशावर पोसली जातेय, एवढं मी आता आधी विचारतो.