मोडीतून वाचलेला इतिहास

पुण्यात बाजीराव रस्त्यावरून नातूबागेकडे वळले की राजा दिनकर केळकर संग्रहालय लागते. सहलीची मुले तेथे कोथरूडच्या मस्तानी महालाच्या अवशेषांभोवती गर्दी करतात. आमचे पाय मात्र अडकित्त्यांपाशी रेंगाळतात.

दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. घरचा व्यवसाय चष्म्यांचा. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवण्याचा नाद लागला तो अखेरपर्यंत सुटला नाही. पत्नी कमलाबाई या खटाटोपात त्यांच्याबरोबर होत्या. लहानपणीच वारलेल्या ‘राजा’ या मुलाचे नाव त्यांनी संग्रहाला दिले आणि १९७५ मध्ये सुमारे वीस हजार वस्तूंचा हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. जागेअभावी त्यातला थोडाच भाग मांडलेला असतो.

संग्रहालय म्हटले की मूर्ती, नाणी आणि शस्त्रे, अशी तेव्हाची समजूत. केळकरांनी त्यांच्या जोडीला दौती, वजऱ्या, समया, कुलपे, वाद्ये आणि घरांचे दरवाजेही जमवले. या निवडीचे मोल कळायचे तर पितळेचे काय होई ते पाहावे. नवे भांडे घेताना जुने मोडीत द्यायचे, ही रीतच होती. मोड वजनावर घेतली जाते. कोरीव दिवा आणि चेपलेला तांब्या यांचा भाव एकच. पुढे घरोघर स्टेनलेस स्टील आले आणि पितळेची रवानगी भट्टीकडे अधिकच वेगाने झाली. राजाची तलवार कोणीतरी जपतोच, आजीची वजरी कोणी जपत नाही.

आता अडकित्ता पाहू. पोपट, घोडा, स्त्री-पुरुषाची जोडी असे त्याचे नाना आकार. पण मुळात ही दुसऱ्या प्रकारची तरफ आहे. टेकू एका टोकाला, सुपारी मध्ये आणि हाताचे बल दुसऱ्या टोकाला. सुपारी टेकूपासून २ सेंटिमीटरवर आणि हात १२ सेंटिमीटरवर असेल, तर घर्षण सोडून दिल्यास सुपारीवर सहापट बल पडते. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीपेक्षा हा अडकित्ता मुलांच्या अधिक लक्षात राहील, असे आम्हाला वाटते.

अशी वस्तू हाती आली की घरातला पहिला उपाय म्हणजे चिंच आणि मीठ. येथेच घात होतो! चिंचेतील टार्टारिक आम्ल तांब्याची ऑक्साइडे विरघळवते, म्हणून पितळ झळकते. पण ती ऑक्साइडे धातूचीच बनलेली असतात. दर घासणीला थोडा धातू जातो आणि कोरीव रेषा बोथट होतात. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. आम्लात फार वेळ ठेवले तर जस्त आधी निघून जाते आणि तांबूस डाग उरतात. मिठाचे तर विचारूच नका. त्यातले क्लोराइड खाचांत राहिले, की दमट हवेत फिकट हिरवी भुकटी धरते आणि धातू आतून पोखरला जातो. उलट, जुन्या पितळेवरचा घट्ट, गडद थर बहुधा खालच्या धातूचे रक्षणच करतो.

म्हणून जाणते लोक आधी छायाचित्र घेतात, मग मऊ ब्रशाने धूळ काढतात. फार तर ऊर्ध्वपातित पाण्याने पुसून, पूर्ण वाळवून, मेणाचा पातळ हात देतात. पातेल्याच्या आत झिजलेली कल्हई दिसली तर पुन्हा कल्हई करून घेऊ नये. त्यात आंबट पदार्थ शिजत असावेत, याचा तोच पुरावा. दुरुस्ती म्हणजे वस्तू नवी करणे नव्हे, हे संग्राहकांनाही पुष्कळदा उशिरा उमगते.

वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर तिला १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होऊ शकतो. अशी वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही आणि मूर्ती, चित्रे यांसारख्या काही प्रकारांची नोंदणीही करावी लागते.

वर्गात करायचे असेल तर मुलांना घरातली एकेक जुनी वस्तू निवडू द्यावी. ती आणायला सांगू नये. हरवली तर शिक्षकाची पंचाईत. वस्तूचे चित्र, लांबी, वजन, घरात तिला म्हणतात ते नाव, कोणी वापरली, कोणत्या गावाहून आली आणि कोठे झिजली आहे, एवढे वहीत उतरवले तरी पुरे. गावाचे नाव आजोबा-आजींनाच विचारावे लागते.