विसार पावतीची गोष्ट

पुण्यात जुन्या घराचा सौदा विसारापासून सुरू होतो: थोडे पैसे, एक पावती आणि शब्द. कायदा मात्र १८८२ पासून सांगतोय की शब्द म्हणजे घर नव्हे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ नुसार नुसत्या विक्रीच्या कराराने घरावर हक्क येत नाही. शंभर रुपयांपासून पुढच्या व्यवहाराला नोंदणीकृत खरेदीखतच लागतं.

पुढे भरवशावर सोडायची रक्कम कमी होत गेली. १९६३ च्या महाराष्ट्राच्या 'मोफा' कायद्याने बिल्डरला नोंदणीकृत करार बंधनकारक केला, आगाऊ रक्कम २० टक्क्यांपर्यंतच ठेवली. २०१६ च्या 'रेरा'नुसार अशा कराराआधी १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही.

पण ही कुंपणं बिल्डरसाठी. मी सध्या शोधतोय तो फ्लॅट मालकाकडून घ्यायचा आहे. तिथे अशी टक्केवारी नाही. दर वाढले की विकणारा फिरतो, कर्ज अडलं की घेणारा. एजंट म्हणतो, "माणसं चांगली आहेत." असतीलही. तरी सौदा मोडल्यास विसार किती दिवसांत परत, हे पावतीवर लिहून मागणं म्हणजे अविश्वास नव्हे. चांगल्या माणसांना शब्द पाळणं त्याने सोपं जातं.