कर्तन हत्यारांवरील कठीण लेप

कठीण लेप म्हणजे धातू कापणाऱ्या हत्यारांच्या पृष्ठभागावर चढवलेला, टायटॅनियम नायट्राइड किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइड यांसारख्या संयुगांचा काही मायक्रोमीटर जाडीचा थर होय. अशा लेपामुळे हत्याराची झीज मंदावते आणि अधिक वेगाने कर्तन करता येते.

पार्श्वभूमी

कर्तनधारेला झीज रोखण्यासाठी काठिण्य आणि आघात सोसण्यासाठी चिवटपणा लागतो. परंतु पदार्थाचे काठिण्य वाढवले की तो सहसा ठिसूळ होतो. १९२० च्या दशकात जर्मनीत विकसित झालेल्या टंगस्टन कार्बाइड-कोबाल्ट हत्यारांत कोबाल्टचे प्रमाण बदलून या दोहोंत तडजोड केली जाई. तरीही पोलाद कापताना तप्त किसाच्या घर्षणाने टंगस्टन कार्बाइड त्यात विरघळत जाऊन हत्यारावर खळगा पडे. लेपामुळे चिवटपणा गाभ्याकडे आणि झीजरोध पृष्ठभागाकडे सोपवता आला.

रासायनिक बाष्प निक्षेपण

१९६९ मध्ये स्वीडनच्या सँडविक कोरोमंट कंपनीने टायटॅनियम कार्बाइडचा लेप असलेली कार्बाइडची इन्सर्ट बाजारात आणली. या पद्धतीत सुमारे १०००° से. तापमानाला टायटॅनियम टेट्राक्लोराइड, मिथेन व हायड्रोजन या वायूंच्या अभिक्रियेतून लेप तयार होतो. सुरुवातीच्या लेपांत गाभ्यातील कार्बन ओढला जाऊन सांध्यावर ठिसूळ थर निर्माण होई. प्रक्रियेवरील नियंत्रण सुधारल्यावर हा दोष कमी झाला. १९७० च्या दशकात ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर वापरात आला. हे संयुग तप्त पोलादात जवळजवळ विरघळत नाही.

भौतिक बाष्प निक्षेपण

हाय-स्पीड स्टीलला वरील पद्धत गैरसोयीची होती, कारण सुमारे ५५०° से. ला पायन दिलेले हे पोलाद त्याहून अधिक तापमानाला मऊ पडते. निर्वात कक्षात धातूची वाफ करून ५००° से. च्या आसपास किंवा त्याखाली लेप देण्याची पद्धत आल्यावर, १९८० च्या सुमारास, टायटॅनियम नायट्राइडचे सोनेरी ड्रिल प्रचारात आले. पुढे टायटॅनियम ॲल्युमिनियम नायट्राइडचा लेप आला. तापल्यावर त्याच्या पृष्ठभागी ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ पापुद्रा बनतो व तो पुढील ऑक्सिडीकरण रोखतो.

मर्यादा

गाभा दबला तर वरचा लेप तडकतो. हत्याराला पुन्हा धार लावताना घासलेल्या बाजूवरील लेप निघून जातो. हिऱ्याचा लेप अत्यंत कठीण असूनही पोलादासाठी अयोग्य ठरतो, कारण उच्च तापमानाला त्यातील कार्बन लोहात विरघळतो.

कातकामाच्या इन्सर्टवर बहुधा रासायनिक पद्धतीचे जाड लेप, तर ड्रिल, टॅप व तीक्ष्ण धारेच्या हत्यारांवर भौतिक पद्धतीचे पातळ लेप वापरतात.