भोवऱ्याला आवर्त का म्हणावं?

पावसाळ्यात कृष्णा फुगली, की सांगलीच्या आयर्विन पुलाच्या खांबांमागे भोवरे सुटतात. एक डावीकडे गरगरतो, पुढचा उजवीकडे. भोवरा हा शब्द मूळचा संस्कृत 'भ्रमर', म्हणजे भिरभिरणारा भुंगा. 'ग्राम'चा गाव झाला, 'नाम'चं नाव झालं, त्याच वाटेने मधला 'म' विरघळून भ्रमराचा भोवरा झाला. भोवती आणि भोवळ याच घरातल्या. खरसुंडीच्या बाजारात खिल्लार खोंड घेणारा पाठीवरून हात फिरवत केसांचा भोवरा शोधतो, तोही हाच.

समुद्राची गोष्ट निघाली की मात्र पुस्तकी मराठी 'आवर्त'कडे वळते. आमच्याकडे आवर्तन म्हणजे टेंभू-म्हैसाळ सिंचन योजनांचं पाळीने सुटणारं पाणी! माझं मत भोवऱ्याला. अडचण एवढीच, की नदीचा भोवरा बुडवणारा म्हणून बदनाम. समुद्रात मात्र, उत्तर गोलार्धात, घड्याळाच्या उलट फिरणारा भोवरा सहसा खालचं थंड, पोषक पाणी वर आणतो. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत सोमालियाजवळ घुमणारा 'ग्रेट व्हर्ल' हा मोठा भोवरा मात्र घड्याळाच्या दिशेने फिरतो. त्याच्या व्यासात सातारा-सांगली अंतर तीन-चारदा मावेल.

असाच अडणारा दुसरा शब्द 'अभिसरण'. तो शाळेत उष्णतेच्या धड्यात भेटतो: वहन, अभिसरण, प्रारण. मूळ अर्थ 'कडे जाणं'. प्रियकराकडे निघालेली अभिसारिका त्यातलीच. रक्ताचंही अभिसरणच. गुऱ्हाळाच्या काहिलीत तापलेला रस वर येतो, निवलेला खाली जातो. ते वर-खाली या शब्दात कुठेच नाही.

आता हवामानाचा अंदाज काढणाऱ्या संगणकाचं. हवा आणि समुद्र चौकटींत कापून प्रत्येक चौकटीचं गणित मांडतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, माण तालुक्यातल्या दहिवडीला पाचशेच्या आसपास. सरळ अंतर शंभर किलोमीटरच्या आतलं. चौकटच शंभराची असली तर दोघांची सरासरी निघणार, म्हणजे दोघांनाही खोटी. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने घडवलेल्या, २०२५ मध्ये सुरू झालेल्या 'भारत फोरकास्ट सिस्टम'ची चौकट सहा किलोमीटरची आहे. तरी एकट्या ढगातली उसळी तिच्यातूनही निसटते. समुद्राच्या गणितात बारके भोवरे तसेच निसटतात. मग त्यांचा एकूण परिणाम एखाद्या सूत्राने बाहेरून घालावा लागतो.

परिभाषेत याला 'प्राचलीकरण' म्हणतील. मी 'ठोकताळा' म्हणेन. कुणाला तो ढिला वाटेल, पण त्यात 'ताळा' आहे, हिशेब बरोबर आला का ते पडताळणारा. महाबळेश्वरला आयआयटीएमची ढगांची प्रयोगशाळा २०१२ पासून आहे. तिथल्या नोंदी या ताळ्यासाठीच लागतात.