कामातून सुट्टीकडे : मुंबईच्या कलाविद्यार्थ्यांच्या नगरदर्शनाचा इतिहास

शनिवार-रविवारी कागद आणि रंगपेटी घेऊन शहरात हिंडणे, एखाद्या इमारतीसमोर बैठक मारून तिचे रेखाटन करणे, वस्तुसंग्रहालयात मूर्तींचा अभ्यास करणे आणि संध्याकाळी कलादालनातील प्रदर्शन पाहून परतणे, हा मुंबईतील कलाविद्यार्थ्यांचा परिपाठ आज अभ्यासक्रमाबाहेरचा छंद वाटत असला, तरी त्याचा उगम सुट्टीत नसून कामात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या शहराच्या भिंती, कमानी आणि स्तंभ घडवण्यात कलाशिक्षणाचा प्रत्यक्ष सहभाग होता; पुढे तो सहभाग ओसरला आणि जे शहर विद्यार्थ्याची कार्यशाळा होते, ते त्याच्या चित्राचा विषय झाले. नगरदर्शनाच्या या प्रथेचा इतिहास म्हणजे मुख्यतः याच स्थित्यंतराचा इतिहास होय.

सर जमशेटजी जिजीभाई यांनी 1853 मध्ये देऊ केलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून 1857 मध्ये मुंबईत कलाशाळा, म्हणजे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, सुरू झाली. तिचा मूळ हेतू चित्रकार निर्माण करण्यापेक्षा देशी कारागिरांना आरेखनाचे, म्हणजे मोजमाप, प्रमाण आणि नक्षी यांच्या शास्त्रशुद्ध रेखनाचे शिक्षण देण्याचा होता. 1865 मध्ये जॉन लॉकवुड किपलिंग हे वास्तुशिल्पाचे, म्हणजे इमारतीचाच भाग म्हणून केल्या जाणाऱ्या शिल्पकामाचे, शिक्षक म्हणून येथे आले. जॉन ग्रिफिथ्स यांच्याकडे चित्रकला व भित्तिसजावट आणि हिगिन्स यांच्याकडे नक्षीदार लोहकाम अशी विभागणी होती. शहराच्या दृष्टीने ही वेळ अत्यंत अनुकूल होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाच्या व्यापारात आलेला पैसा, गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत पाडले गेलेले किल्ल्याचे तट आणि त्यामुळे मोकळी झालेली जागा यांतून सार्वजनिक इमारतींची एक मालिकाच उभी राहू लागली होती. गॉथिक पुनरुज्जीवन, म्हणजे युरोपातील मध्ययुगीन चर्चवास्तूंच्या टोकदार कमानी आणि कोरीव स्तंभशीर्षे यांचा नव्याने वापर करणारी शैली, या इमारतींसाठी निवडली गेली होती, आणि या शैलीला कोरीवकाम करणारे हात मोठ्या संख्येने लागत असत.

क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आताची महात्मा जोतिबा फुले मंडई, हे या सहकार्याचे सर्वांत जवळचे उदाहरण आहे. विल्यम इमर्सन यांनी आराखडा केलेल्या या वास्तूच्या प्रवेशद्वारावरील उठावशिल्पे किपलिंग यांची असून त्यांत येथील कष्टकरी माणसांची दृश्ये आहेत. 1878 मध्ये कामास आरंभ झालेल्या आणि दहा वर्षांनी पूर्ण झालेल्या व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आताचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, या स्थानकाचे वास्तुकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स होते आणि स्थानकाच्या अंतर्बाह्य सुशोभनात, विशेषतः पाने, फुले, पशू आणि पक्षी यांच्या कोरीवकामात, जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभारलेल्या आणि 1878 मध्ये पूर्ण झालेल्या राजाबाई मनोऱ्यावरील, पश्चिम भारतातील निरनिराळ्या जातीजमातींच्या मूर्ती मुकुंद रामचंद्र या सहायक अभियंत्यांनी घडवल्या. म्हणजे परक्या शैलीच्या इमारतीवर स्थानिक चेहरे कोरण्याचे कामही स्थानिक हातांनीच झाले. या पिढीसाठी शहर पाहणे ही वेगळी क्रिया नव्हती, कारण वर्गात गिरवलेले पान चौकात दगडावर उतरत होते.

शहराबाहेर जाऊन पाहण्याची शिस्तही याच काळात रुजली. ग्रिफिथ्स यांनी 1872 ते 1885 या काळात विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. त्यांपैकी अनेक लंडनमधील 1885 च्या आगीत नष्ट झाल्या असल्या, तरी पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे चित्रकार या मोहिमांत घडले आणि मूळ कलाकृतीसमोर बसून ती हाताने समजून घेण्याची पद्धत संस्थेच्या शिक्षणात मुरली. मुंबईच्या बंदरातील घारापुरीची लेणी, तेथील सुमारे वीस फूट उंचीची त्रिमुख शिवप्रतिमा आणि भायखळ्याला 1872 मध्ये खुले झालेले व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, म्हणजे आताचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, ही त्याच पद्धतीने अभ्यासण्याजोगी जवळची स्थळे होती.

1880 च्या दशकाच्या अखेरीस हे चित्र बदलू लागले. गॉथिक इमारतींची मोठी लाट ओसरली. 1888 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनांमुळे चौकटीत बसवून भिंतीवर टांगायच्या चित्राला पदक, प्रतिष्ठा आणि ग्राहक मिळू लागले. आणि 1891 मध्ये सुरू झालेल्या रे आर्ट वर्कशॉप्समुळे धातू, लाकूड व माती यांच्या हस्तव्यवसायांचे शिक्षण स्वतंत्र कार्यशाळांमध्ये गेले. चित्रकलेचा विद्यार्थी अशा रीतीने इमारतीच्या परांचीवरून उतरून तिच्यासमोरच्या पदपथावर आला. याच सुमारास, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे 1890 मध्ये गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली आणि शहराच्या कामाच्या व विश्रांतीच्या दिवसांतील भेद कचेऱ्यांपुरता न राहता अधिक व्यापक झाला. रविवारी ओस पडणारा कोट, म्हणजे फोर्टचा भाग, आणि गजबजणारी चौपाटी ही दोन परस्परविरोधी दृश्ये चित्रकाराला त्यातून लाभली.

त्याच 1890 मध्ये कोल्हापूरहून महादेव विश्वनाथ धुरंधर जे. जे. स्कूलमध्ये दाखल झाले. विद्यार्थी, शिक्षक आणि अधिकारी या नात्यांनी तेथे घालवलेल्या काळाची हकीकत त्यांनी 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' या आत्मचरित्रात नोंदवली आहे. धुरंधरांच्या दृष्टीचे केंद्र इमारत नसून रस्त्यावरचा माणूस होता. पगडीचा बांध, लुगड्याचा काच, फेरीवाल्याची ऐट आणि सणाची गर्दी यांच्या असंख्य रेखाटनांतून त्यांनी मुंबईच्या लोकजीवनाचा जणू चित्रकोश तयार केला. एस. एम. एडवर्ड्स यांच्या मुंबईच्या गल्लीबोळांवरील पुस्तकाला त्यांची चित्रे आहेत आणि त्यांची चित्रपत्रेही लोकप्रिय होती. सावंतवाडीहून आलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी जलरंगाच्या माध्यमावर असामान्य प्रभुत्व मिळवले. पारदर्शक जलरंगात 'वॉश', म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा सलग थर, एकदा बसला की सहजासहजी दुरुस्त करता येत नाही. त्यामुळे जागेवर बसून, ऊन सरकण्याच्या आत, काय ठेवायचे आणि काय गाळायचे याचा निर्णय चित्रकाराला तत्काळ करावा लागतो. पावसाळ्यात दमट हवेने थर वाळण्यास लागणारा वेळ आणि हॉर्नबी रोडच्या, म्हणजे आताच्या दादाभाई नवरोजी मार्गाच्या, कमानदार पडव्यांचा आसरा या गोष्टीही या शिक्षणाचा भाग होत्या. दुसरीकडे, आबालाल रहिमान यांनी मुंबईत शिकलेली नजर कोल्हापूरला नेली आणि रंकाळा व पंचगंगा यांचा परिसर चित्रित करण्यात आयुष्य वेचले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या परंपरेतील बहुतेक मोठी नावे मुंबईबाहेरून आलेल्यांची आहेत, आणि ज्याला शहर नवे आहे त्यालाच ते पाहण्याची निकड अधिक असते. 1940 च्या दशकात मध्य प्रांतातून आलेले सय्यद हैदर रझा हे त्याचे ठळक उदाहरण होय. दिवसा एका ब्लॉक स्टुडिओत, म्हणजे छपाईसाठी चित्रांचे ठसे तयार करणाऱ्या कारखान्यात, नोकरी करून त्यांनी मुंबईच्या रस्त्यांची जलरंगचित्रे काढली. त्यांत इमारतीचा तपशील विरघळून ओल्या रस्त्यावरील प्रकाश आणि रंगांचे ठिपके उरतात. टाइम्स ऑफ इंडियाचे कलासंचालक, ऑस्ट्रियाहून आलेले वॉल्टर लँगहॅमर यांच्या नेपियन सी रोडवरील घरी तरुण चित्रकार जमत आणि तेथे त्यांना युरोपीय आधुनिक कलेची ओळख होई. 1947 मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या रझा, सूझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे या सदस्यांनी पुढे वेगवेगळ्या वाटा धरल्या. मात्र त्यांच्यापैकी अनेकांच्या घडणीत शाळेच्या वर्गाइतकाच रस्त्याचाही वाटा होता, आणि चित्रपटांचे फलक रंगवणारे हुसेन यांच्या बाबतीत तर रस्ता हीच शाळा ठरली.

1952 मध्ये काळा घोडा परिसरात जहांगीर आर्ट गॅलरी सुरू झाली आणि नगरदर्शनाला नवे केंद्र मिळाले. सातव्या एडवर्डच्या ज्या अश्वारूढ पुतळ्यावरून या परिसराला नाव पडले, तो 1965 मध्ये हलवून भायखळ्याच्या राणीबागेत नेण्यात आला, पण नाव टिकले. 1922 मध्ये जनतेसाठी खुले झालेले प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आताचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, अगदी शेजारी असल्यामुळे प्राचीन मूर्ती, लघुचित्रे आणि समकालीन चित्रे एकाच फेरीत पाहता येऊ लागली. जहांगीरमधील विनामूल्य प्रवेश आणि तेथील 1964 ते 2015 या काळातील 'समोवार' हे उपाहारगृह यांमुळे विद्यार्थी आणि नामवंत एकाच छपराखाली येत. 1970 नंतर सुधीर पटवर्धन यांच्यासारख्या, व्यवसायाने क्ष-किरणतज्ज्ञ असलेल्या चित्रकाराने लोकलगाडी, इराणी हॉटेल आणि कामगारवस्ती यांना विषय केले आणि पाहण्याचा रोख कोटातून उपनगरांकडे व गिरणगावाकडे वळवला.

अलंकरणाकडून माणसाकडे, माणसाकडून प्रकाशाकडे आणि तेथून श्रमिक शहराच्या रचनेकडे असा हा दृष्टीचा प्रवास आहे. ओव्हल मैदानाच्या एका बाजूच्या गॉथिक आणि दुसऱ्या बाजूच्या आर्ट डेको, म्हणजे 1930 च्या दशकातील सुव्यवस्थित भौमितिक शैलीच्या, इमारतींना 2018 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला असून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला तो 2004 मध्येच मिळाला होता. या मान्यतेमुळे पाहणाऱ्यांची संख्या वाढली असली, तरी वारसा म्हणून जपलेल्या शहरात विद्यार्थ्याचे स्थान बहुधा प्रेक्षकाचे राहते. जे. जे. स्कूलचा विद्यार्थी जेव्हा टर्मिनसच्या स्तंभशीर्षावरील पाने रेखाटतो, तेव्हा तो आपल्याच संस्थेच्या जुन्या गृहपाठाची नक्कल करीत असतो. शनिवार-रविवारची भटकंती ही एका खंडित अभ्यासक्रमाची उरलेली बाजू आहे, आणि जीर्णोद्धार, भित्तिचित्रे व सार्वजनिक वास्तूंची सजावट यांत विद्यार्थ्यांना पुन्हा नियमित काम मिळाले, तरच तिची दुसरी बाजू, म्हणजे पाहिलेले शहर घडवण्याची जबाबदारी, कलाशिक्षणात परत येऊ शकेल.