जेफ ड्यूकचा शिंपी आणि आपलं लेदर जॅकेट

रस्ते अपघातांचा सरकारी आकडा दरवर्षी येतो, आपण वाचतो आणि विसरतो. २०२२ सालात देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली. त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची होती, म्हणजे शंभरात चव्वेचाळीस. आपल्याकडे यावर चर्चा सुरू होते ती हेल्मेटवर, आणि संपते तीही हेल्मेटवरच. आमच्या पुण्यात तर हेल्मेटसक्तीच्या विरोधात मोर्चे निघालेत, त्यामुळे त्या विषयावर मी आणखी काही बोलत नाही. आज मानेच्या खालचं बोलायचंय. लेदरचं जॅकेट, पँट, हातमोजे. त्यातही मुख्यतः एकच गोष्ट : ते अंगाला नीट बसणं.

हा हौशी लोकांचा विषय वाटेल. बुलेट, काळं जॅकेट, लडाखचा फोटो वगैरे. पण जरा थांबा.

माणूस गाडीवरून पडतो तेव्हा डांबरावर घसरत जातो. साधी जीन्स किंवा टेरिकॉटचा शर्ट त्यात सेकंदभरही टिकत नाही. जाड गाईचं चामडं कित्येक सेकंद टिकतं. पण कधी? ते जागेवर राहिलं तर. जॅकेट सैल असेल तर घसरताना त्याला घडी पडते, घडी रस्त्यात अडकते, शिवण उसवते किंवा अख्खं जॅकेट काखेपर्यंत वर सरकतं आणि पाठ उघडी पडते. कोपराचं पॅड, ज्याला आता सगळे 'आर्मर' म्हणतात, ते बाही गोल फिरली की कोपरावरून बाजूला जातं आणि मार नेमका हाडाला बसतो. म्हणजे दहा-पंधरा हजारांचं जॅकेट अंगावर असूनही हवं तिथे नाही. चामड्याचा दर्जा चांगला आणि माप चुकीचं, हे हेल्मेट घालून पट्टा न लावण्यासारखं आहे.

गंमत म्हणजे ही गोष्ट कळायला जगाला बरीच वर्षं लागली, आणि ती आधी कळली एका रेसरला आणि त्याच्या गावच्या शिंप्याला.

सुरुवातीचे मोटरसायकलवाले लांब कोट घालत. धूळ, थंडी, तेल यांपासून बचाव एवढाच हेतू. पहिल्या महायुद्धात वैमानिकांनी चामड्याचे कोट वापरले आणि युद्ध संपल्यावर तेच कपडे गाडीवर आले. १९२८ साली न्यूयॉर्कच्या अर्विंग शॉट यांनी खास मोटरसायकलसाठी जॅकेट काढलं. त्याला नाव दिलं आपल्या आवडत्या सिगारचं : परफेक्टो. किंमत साडेपाच डॉलर, विकायला ठेवलं लाँग आयलंडच्या हार्ले-डेव्हिडसन विक्रेत्याकडे. चामडं घोड्याचं. त्याची चेन सरळ नव्हती, तिरकी होती. आज ती स्टाईल वाटते, पण माणूस हँडलवर वाकला की सरळ चेन पोटात आणि गळ्यात टोचते, तिरकी टोचत नाही. कंबरेला पट्टा कशाला? जॅकेट वर सरकू नये म्हणून. म्हणजे बसलेल्या माणसाचा विचार तेव्हाच सुरू झाला होता.

पुढची पायरी इंग्लंडमधली. सेंट हेलेन्स हे काचेच्या कारखान्यांचं गाव. तिथला जेफ ड्यूक नॉर्टनच्या संघातून रेस करायचा. त्या काळी रेसर दोन तुकड्यांचे ढगळ चामडी कपडे घालत, वेगात ते वाऱ्याने फडफडत. ड्यूकच्या मनात आलं, हा फुगा आपल्याला मागे ओढतोय. तो कुठल्या मोठ्या कंपनीकडे गेला नाही. गावातल्या फ्रँक बार्कर नावाच्या शिंप्याकडे गेला आणि अंगाला चिकटून बसेल असा एका तुकड्याचा सूट शिवून घेतला. १९५० साली आयल ऑफ मॅनची सीनियर टीटी ड्यूकने जिंकली, पुढे सहा जगज्जेतेपदं मिळवली. बाकीचे रेसर हळूहळू त्याच वाटेने गेले. आज मोटोजीपीमध्ये दिसणारा तो रंगीबेरंगी सूट बार्कर टेलरच्या शिवणकामाचा वंशज आहे!

तो सूट घालून सरळ उभं राहता येत नाही, हे तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. रेसर गाडीवरून उतरले की थोडे वाकून, गुडघ्यात मोडून चालतात. कारण कापड उभ्या माणसाच्या मापाने बेतलेलंच नसतं. बाह्या कोपरात आधीच वळलेल्या, गुडघे आधीच वाकलेले. उभं राहून आरशात छान दिसणं हा त्या बेतण्याचा हेतूच नाही.

आणि नेमकं इथेच घोळ झाला. १९५३ साली 'द वाइल्ड वन' आला. मार्लन ब्रँडो काळ्या जॅकेटमध्ये मोटरसायकलला टेकून उभा. ब्रिटनमध्ये सेन्सॉरने त्या सिनेमाला चौदा-पंधरा वर्षं परवानगी दिली नाही, इतकी त्याची धास्ती. पण जॅकेट जगभर गेलं, आणि गेलं ते उभ्या माणसाचं जॅकेट म्हणून. मेंढीचं मऊ, पातळ चामडं, कापडाचं अस्तर, रेडीमेड साईज : एस, एम, एल. आपल्याकडे १९५५ पासून मद्रासला एनफील्ड बनू लागली, 'बॉबी' (१९७३) नंतर राजदूतच्या छोट्या गाडीला लोक 'बॉबी'च म्हणू लागले, पण गाडीसोबत चालवायचे कपडे आले नाहीत. आला तो फक्त सिनेमातला तोरा.

रेसिंगच्या जगात काम चालू होतं. इटलीत विचेंझाजवळ मोल्वेना गावी लीनो डाइनेझे यांनी १९७२ साली चामड्याची मोटोक्रॉस पँट बनवून सुरुवात केली. १९७५ साली डेटोना इथे बॅरी शीनचं मागचं टायर ताशी पावणेतीनशेच्या वेगात गेलं आणि त्याचा भीषण अपघात झाला. तो वाचला. त्याच दशकाच्या अखेरीस पाठीचा कणा सांभाळणारं पॅड आलं, आणि ते आधी वापरणाऱ्यांत हाच शीन होता. त्या पॅडची कल्पना लॉबस्टरच्या कवचावरून घेतलेली. कोकणातल्या वाचकांना ती शेवंडीच्या पाठीसारखी एकावर एक सरकणारी खवल्यांची रचना समजावून सांगायला नकोच.

मग प्रश्न आला मोजायचा. केंब्रिजच्या डॉ. रॉडरिक वूड्स यांनी कपड्याचा तुकडा फिरत्या खरखरीत पट्ट्यावर टेकवून तो किती सेकंदांत फाटतो हे मोजायची पद्धत बसवली. त्यावरून २००२ साली युरोपात प्रमाण ठरलं. खांदा, कोपर, गुडघा अशा माराच्या जागी कपडा निदान चार सेकंद टिकला पाहिजे आणि वरच्या श्रेणीत सात सेकंद. पण कंपन्या हुशार. 'हे संरक्षक कपडे नाहीतच, फॅशन आहे' असं लेबल लावून त्या वर्षानुवर्षं निसटत होत्या. २०१८ मध्ये युरोपचा नवा नियम लागू झाला तेव्हा ही पळवाट बरीचशी बंद झाली. आता जॅकेटच्या आत ए, डबल ए, ट्रिपल ए असा शिक्का असतो. तेवढा शिक्का बघायची सवय लावून घ्या, दुकानदार काय म्हणतो ते नंतर.

आता आपल्याकडे या. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ डोक्याबद्दल बोलतं. हेल्मेटला आयएसआय मार्क सक्तीचा झाला, चांगलं झालं. मानेखाली मात्र कायदा गप्प आहे. सक्ती करा असं मी अजिबात म्हणत नाही. मे महिन्यात अकोल्यात किंवा चंद्रपूरला कोणाला लेदर घालायला लावणं हा शुद्ध छळ आहे. पण जो माणूस स्वतःहून पैसे घालून घ्यायला निघालाय, त्याला मापाचं मिळतं का? मी दोन वर्षं शोधलं. माझी उंची बेताची, खांदे रुंद, हात आखूड. परदेशी ब्रँडचं पन्नास नंबर खांद्यात बसतं तर बाही बोटांपर्यंत येते, अठ्ठेचाळीस घेतलं तर छातीवर चेन लागत नाही. एका मोठ्या दुकानात मला सांगितलं, "सर, लेदर आहे, वापरून वापरून सैल होईल." रुंदीला थोडं होतं हे खरं. पण कोपराचं पॅड चार बोटं खाली आलंय ते वापरून वर कसं सरकणार? याला उत्तर नव्हतं. आणि बायकांची तर याहून वाईट स्थिती. पुरुषांचंच जॅकेट लहान करून, गुलाबी पट्टी लावून 'लेडीज' म्हणून टांगलेलं असतं.

शेवटी गेलो धारावीला. सायनच्या बाजूने आत जाताना चामड्याच्या बॅगा, पट्टे, पाकिटं, जॅकेटं यांच्या दुकानांची रांग दिसते, ती तुम्हाला माहीत असेल. तिचा इतिहास कमी लोकांना माहीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिरुनेलवेलीकडचे तमिळ मुस्लिम कातडी कमावणारे इथे आले, कारण वांद्र्याचा कत्तलखाना जवळ आणि वस्ती तेव्हा शहराबाहेर. आपल्याकडचा ढोर समाज बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडं कमवायचा, चर्मकार समाज त्याचं पायताण घडवायचा. कोल्हापुरी चप्पल त्याच परंपरेतली. क्रोमची पद्धत नंतर आली. अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झने तिचं पेटंट १८८४ मध्ये घेतलं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासमध्ये तिचे प्रयोग झाले (चेन्नईतलं क्रोमपेट हे नाव तिथल्या क्रोम लेदर कंपनीवरूनच पडलंय). मऊ, पाण्याला टिकणारं, अंगावर घालण्याजोगं चामडं मिळालं ते या क्रोममुळे. जॅकेट हे त्याचंच अपत्य.

पुढे १९७१ मध्ये कत्तलखाना देवनारला गेला, टॅनऱ्याही बाहेर गेल्या. धारावीत राहिलं ते शिवणकाम. चामडं चेन्नई, कानपूर, कोलकात्याहून तयार होऊन येतं. २०१५ च्या कायद्याने महाराष्ट्रात गाईसोबत बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली, म्हैस तेवढी राहिली. त्या कायद्याच्या बाजूने किंवा विरोधात भांडायची ही पोस्ट नाही. पण त्यानंतर माल महागला, काहींनी गाळे बंद केले, काही रेक्झिनवर गेले, हे तिथे कोणीही सांगेल. आता पुनर्विकासाची टांगती तलवार आहे. घर किती चौरस फुटांचं मिळणार याची चर्चा सगळीकडे ऐकू येते, पण मशिनीच्या आवाजासकट हा धंदा त्या टॉवरमध्ये कुठे बसणार हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

मला भेटलेल्या कारागिराने आधी विचारलं, "गाडी कोणती?" बाकी कुठल्याही दुकानात हा प्रश्न मला आला नव्हता. मग म्हणाला, गाडी गल्लीच्या तोंडाशी लावा आणि बसा. मी हँडल धरून बसलो आणि त्याने तसंच माप घेतलं. मानेच्या मणक्यापासून कंबरेपर्यंत वाकलेल्या पाठीचं, खांद्यापासून वळलेल्या कोपरावरून मनगटापर्यंत हाताचं. उभ्या मापापेक्षा पाठ दोन इंच लांब निघाली! ती कापडात सामावण्यासाठी त्याने खांद्यामागे दोन उभ्या घड्या दिल्या, वाकलं की त्या उघडतात. काखेत लवचिक पट्टी. चामडं सव्वा मिलिमीटर जाडीचं, गाईचं, चेन्नईचं. शिवण दुहेरी, दोरा नायलॉनचा. पॅड मी बाहेरून शिक्क्याची आणली होती. ती ठेवायचे खिसे त्याने आधी नुसते टाचले, मला परत गाडीवर बसवलं, कोपराची जागा खडूने मारली आणि मगच पक्के शिवले. पंधरा दिवस, दोन ट्रायल. पैसे ब्रँडेड जॅकेटच्या निम्म्याहून थोडे जास्त.

यात एक मोठी उणीव आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. त्या जॅकेटला कुठलाही शिक्का नाही. ते चार सेकंद टिकेल की दोन, हे मला माहीत नाही आणि त्या कारागिरालाही नाही. माप उत्तम, पुरावा शून्य. मोठ्या कंपनीचं नेमकं उलट.

ही दरी भरणं फार अवघड आहे असं मला वाटत नाही. चेन्नईत केंद्रीय चर्म संशोधन संस्था १९४८ पासून आहे. महाराष्ट्रात संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ १९७४ पासून आहे. कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय मिळालं ते याच महामंडळाच्या आणि कर्नाटकातल्या अशाच महामंडळाच्या नावावर. मग धारावीच्या किंवा कोल्हापूरच्या कारागिरांच्या चार-पाच ठरलेल्या बांधण्या घ्याव्यात, म्हणजे अमुक जाडीचं चामडं, अमुक दोरा, अमुक शिवण, आणि त्यांची चाचणी सरकारी खर्चाने करून द्यावी. त्या बांधणीत शिवलं की शिक्का कारागिराचा. माप प्रत्येकाचं वेगळं असलं तरी चामडं आणि शिवण तीच राहते ना? शेजारी सियालकोट आज जगभरच्या ब्रँडना मोटरसायकलचे लेदर कपडे पुरवतंय. आपले कारागीर त्याच कामात कमी आहेत असं मला तरी त्या गल्लीत दिसलं नाही.

ज्यांना आत्ताच शिवून घ्यायचंय त्यांच्यासाठी : स्वतःची गाडी घेऊन जा, जॅकेटच्या आत जो टी-शर्ट घालणार तोच घालून जा. उभं असताना बाही थोडी लांब आणि पाठ थोडी घट्ट वाटली तर घाबरू नका, तसंच हवं. जॅकेट आणि पँट कंबरेला चेनने जोडायची सोय मागून घ्या. पावसाळ्यात कपाटात कोंडू नका, आठवड्यात बुरशी येते. मेंढीचं मऊ चामडं कितीही गोड वाटलं तरी नको.

नाशिक, सातारा, कोल्हापूर, नागपूरकडे असं गाडीवर बसवून माप घेणारं कोणी माहीत असेल तर गावाचं नाव लिहा. मी यादी करतोय.