कँटनला उतरलेले पाच डॉक्टर

आमची क्रूझ ग्वांगझूच्या नान्शा बंदराला लागली, तेव्हा सगळे शॉपिंगच्या गप्पांत होते. आम्हा परभणीकरांना समुद्रच अप्रूप, त्यात चीन! माझ्या डोक्यात मात्र कोटणीस. शांतारामबापूंच्या सिनेमातले नव्हेत, खरे.

ग्वांगझू म्हणजे जुनं कँटन. १ सप्टेंबर १९३८ला मुंबईहून निघालेलं काँग्रेसचं वैद्यकीय पथक १७ तारखेला इथं उतरलं. पाच डॉक्टर. त्यांत नागपूरचे चोळकर आणि सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, वय २७. स्वागताला सुन यत्-सेन यांच्या पत्नी सूंग चिंग-लिंग. शहरावर जपानी बॉम्ब पडत होते. २१ ऑक्टोबरला कँटन पडलंच. पथक तोवर आत निघून गेलं होतं.

बाकीचे चौघे यथावकाश परतले. कोटणीसांना वडील गेल्याची बातमी तिकडेच कळली, तरी ते थांबले. मला युद्धापेक्षा हाच निर्णय अवघड वाटतो. तिथंच त्यांनी क्वो छिंग-लान या परिचारिकेशी लग्न केलं. ९ डिसेंबर १९४२ला अपस्माराच्या झटक्याने ते गेले, तेव्हा मुलगा काही महिन्यांचा होता. त्याचं नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.